बेकायदा कपातीची भरपाई कोणाच्या खिशातून? कनेक्टिकट राज्यातील २००३ च्या कर्मचारी कपातीचे प्रकरण

अमेरिकेच्या ईशान्येकडील कनेक्टिकट या आकाराने लहान राज्याने २००२ च्या अखेरीस आणि २००३ च्या सुरुवातीस आपल्या सेवेतील सुमारे २,८०० कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केले. हे सर्व जण कर्मचारी संघटनांचे सदस्य होते आणि संघटनेबाहेरचा एकही कर्मचारी या कपातीत गेला नाही. मे २०१३ मध्ये संघीय अपील न्यायालयाने ही कपात घटनाबाह्य ठरवली आणि २०१५ मध्ये भरपाईची तडजोड झाली. म्हणजे कपातीपासून भरपाईच्या करारापर्यंत बारा वर्षांचा काळ गेला. सरकारी कर्मचाऱ्याची नोकरी बेकायदा गेली हे सिद्ध झाल्यानंतरसुद्धा त्याच्या हातात पैसा पडण्याच्या वाटेवर किती अडसर उभे असतात आणि ते कोणत्या टप्प्यावर आडवे येतात, हे या प्रकरणात इतके स्पष्ट दिसते की कर्मचारी संघटनांत आणि कामगार कायद्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने ते बारकाईने अभ्यासावे असे मला वाटते.

कपातीची पार्श्वभूमी

या शतकाच्या सुरुवातीच्या मंदीमुळे अमेरिकेतील अनेक राज्यांचे करउत्पन्न घटले होते आणि कनेक्टिकटच्या अर्थसंकल्पातही तूट आली होती. त्या वेळी जॉन रोलँड हे राज्याचे गव्हर्नर होते आणि मार्क रायन हे अर्थसंकल्प व धोरण कार्यालयाचे सचिव होते. राज्य कर्मचाऱ्यांच्या तेरा संघटनांनी निवृत्तिवेतन आणि आरोग्यविमा या विषयांवर एकत्र वाटाघाटी करण्यासाठी एक आघाडी केली होती आणि या आघाडीचा राज्याशी १९९७ मध्ये झालेला करार २०१७ पर्यंत लागू होता. असा करार मुदतीच्या आत एकतर्फी बदलण्याचा अधिकार राज्याला नव्हता, त्यामुळे सवलती हव्या असतील तर त्या संघटनांच्या संमतीनेच मिळणार होत्या.

गव्हर्नरांनी वेतनवाढ गोठवावी आणि आरोग्य व निवृत्तीचे लाभ कमी करावेत अशी मागणी संघटनांपुढे ठेवली, आणि ती मान्य न झाल्यास संघटित कर्मचाऱ्यांची मोठ्या प्रमाणावर कपात केली जाईल असे सांगितले. संघटनांनी काही सवलती देऊ केल्या, परंतु त्या राज्याच्या मागणीपर्यंत पोहोचल्या नाहीत. त्यानंतर कपातीचे आदेश निघाले.

राज्याची तिजोरी खरोखरच अडचणीत होती ही गोष्ट येथे लपवण्याचे कारण नाही. आर्थिक अडचणीत कर्मचारी कमी करण्याचा अधिकार कोणत्याही शासनाकडे असतो, आणि पद्धत पाळून, ज्येष्ठतेचे नियम सांभाळून, कामाची गरज पाहून केलेली कपात कितीही वेदनादायक असली तरी ती कायद्यात बसते. ही कपात मात्र कोणाची केली जावी हे कामाच्या गरजेवरून ठरले नव्हते. कोणता विभाग आटोपशीर करता येईल, कोणते पद अनावश्यक आहे, असा विचार झाला असता तर संघटनेबाहेरच्या अधिकाऱ्यांपैकी आणि कर्मचाऱ्यांपैकी कोणी तरी यादीत आले असते. शिवाय आरोग्य आणि निवृत्तीचे लाभ संघटित व असंघटित अशा दोन्ही कर्मचाऱ्यांना सारखेच मिळत होते, म्हणजे खर्चाच्या दृष्टीने या दोन गटांत फरक करण्याचे कारण नव्हते. पुढे न्यायालयापुढे दोन्ही पक्षांनी मिळून मान्य केलेल्या वस्तुस्थितीत असेही नमूद झाले की या कपातीमुळे त्या आर्थिक वर्षातील राज्याच्या खर्चावर अत्यल्प परिणाम झाला. तूट भरून काढण्यासाठी केलेल्या कपातीने तूट भरून निघत नसेल, तर तिचा हेतू दुसरीकडे शोधावा लागतो.

दावा आणि त्यापुढची भिंत

२००३ मध्ये संघटनांची आघाडी, तेराही संघटना आणि काही कर्मचारी यांनी कनेक्टिकटच्या संघीय जिल्हा न्यायालयात दावा दाखल केला. अमेरिकेच्या राज्यघटनेतील पहिली घटनादुरुस्ती नागरिकांना एकत्र येण्याचे स्वातंत्र्य देते, संघटनेचे सदस्यत्व हा त्या स्वातंत्र्याचाच भाग आहे आणि केवळ त्या सदस्यत्वावरून नोकरी काढून घेणे म्हणजे त्या स्वातंत्र्याची शिक्षा देणे होय, असे त्यांचे म्हणणे होते. घटनात्मक हक्क मोडणाऱ्या राज्य अधिकाऱ्याविरुद्ध दाद मागण्याची तरतूद अमेरिकेत १८७१ च्या एका संघीय कायद्यापासून आहे आणि तिचाच आधार येथे घेतला गेला.

दावा रोलँड आणि रायन यांच्याविरुद्ध दोन नात्यांनी होता. एक नाते पदाचे, म्हणजे त्या खुर्चीवर बसलेला अधिकारी या अर्थाने, आणि दुसरे व्यक्तिगत, म्हणजे ते कृत्य करणारा माणूस या अर्थाने. वरवर पाहता हा तांत्रिक भेद वाटतो, पण भरपाईचा सगळा प्रश्न याच भेदावर अडकलेला असतो, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

अमेरिकेच्या राज्यघटनेची अकरावी दुरुस्ती घटक राज्यांना संघीय न्यायालयातील दाव्यांपासून संरक्षण देते. १९०८ च्या यंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या संरक्षणाला एक वाट ठेवली. राज्याचा अधिकारी संघीय घटनेचा भंग करत असेल तर त्याच्याविरुद्ध पदाच्या नात्याने मनाई हुकूम मिळू शकतो, म्हणजे ‘यापुढे असे करू नका’ किंवा ‘यापुढे कायद्याप्रमाणे वागा’ असा आदेश देता येतो. मात्र १९७४ च्या एडेलमन प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले की मागील काळासाठी राज्याच्या तिजोरीतून पैसे देण्याचा आदेश या वाटेने देता येणार नाही. आणि १९८९ मध्ये असेही ठरले की त्या १८७१ च्या कायद्याखाली नुकसानभरपाईसाठी राज्य स्वतः प्रतिवादी होऊच शकत नाही.

या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की कर्मचाऱ्याची स्थिती लक्षात येते. पदाच्या नात्याने केलेल्या दाव्यात त्याला कामावर परत घेण्याचा आदेश मिळू शकतो, कारण तो भविष्याकडे पाहणारा आदेश आहे. गेलेल्या महिन्यांचा पगार मात्र त्या मार्गाने मिळत नाही, कारण तो मागील काळाचा पैसा आहे. तो पैसा मागायचा तर अधिकाऱ्याकडून व्यक्तिगत नात्याने मागावा लागतो. पण व्यक्तिगत दाव्यात अधिकाऱ्याला स्वतःची कवचे असतात. त्या वेळी कायदा पुरेसा स्पष्ट नव्हता असे दाखवता आले तर तो सुटू शकतो, आणि त्याचे कृत्य विधिमंडळाच्या स्वरूपाचे होते, जसे की अर्थसंकल्पाद्वारे पदेच रद्द करणे, असे ठरले तर त्याला पूर्ण संरक्षण मिळते. शिवाय २,८०० लोकांचे पगार एखाद्या व्यक्तीच्या मालमत्तेतून वसूल होतील अशी कल्पना करणेही व्यर्थ आहे.

भारतातील वाचकाला हे विचित्र वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे उच्च न्यायालय अनुच्छेद २२६ खाली राज्य शासनालाच थेट आदेश देऊन सेवासातत्यासह मागील पगार द्यायला लावू शकते, आणि तो किती द्यायचा यावर वाद होतो, देता येतो की नाही यावर नाही. कनेक्टिकटच्या कर्मचाऱ्यांना तो पहिला प्रश्नच ओलांडायचा होता.

याला एक पर्याय होता आणि तो या प्रकरणात वापरला गेला. कपातीविरुद्ध राज्याच्या स्वतःच्या न्यायालयातही समांतर दावा चालवण्यात आला. अकरावी दुरुस्ती तेथे आड येत नाही. तेथे राज्याचे स्वतःचे सार्वभौम संरक्षण आड येते, आणि त्याच्या मर्यादा राज्याचा कायदा ठरवतो. राज्यातील दाव्याचा प्रवासही संथच होता. तरीही माझ्या मते दोन्ही दारे एकाच वेळी ठोठावणे हा या प्रकरणातील सर्वांत दूरदर्शी निर्णय होता. संघीय दाव्यात विजय मिळाला तरी पैशाची हमी नव्हती, आणि राज्याच्या न्यायालयात पैसा मिळण्याची शक्यता असली तरी घटनात्मक प्रश्नावर संघीय न्यायालयाइतके वजन मिळाले नसते. तडजोडीच्या टेबलावर हे दोन्ही दावे एकत्र आले तेव्हा राज्याला एकालाही दुर्लक्षून चालले नाही.

२००७, २०११ आणि २०१३

राज्याने सुरुवातीपासून असा पवित्रा घेतला की गव्हर्नरांचे कृत्य विधिमंडळाच्या स्वरूपाचे असल्याने त्यावर दावाच चालू शकत नाही. २००७ मध्ये सेकंड सर्किट अपील न्यायालयाने, म्हणजे कनेक्टिकट ज्याच्या अधिकारक्षेत्रात येते त्या संघीय अपील न्यायालयाने, हा मुद्दा अर्धा फेटाळला. पदाच्या नात्याने मागितलेल्या पुनःस्थापनेला, म्हणजे कामावर परत घेण्याला, विधिमंडळीय संरक्षण लागू होत नाही आणि अकरावी दुरुस्ती पुनःस्थापनेच्या आदेशाच्या आड येत नाही, असे त्याने सांगितले. व्यक्तिगत दाव्याबाबत मात्र कृत्य खरोखर कोणत्या स्वरूपाचे होते याचा तपशील पुराव्यानिशी पाहावा लागेल, असे म्हणून तो भाग खुला ठेवला. दरम्यान रोलँड यांनी जुलै २००४ मध्येच पद सोडले होते. तरीही पदाच्या नात्याचा दावा संपला नाही, कारण अशा दाव्यात नवा पदाधिकारी आपोआप प्रतिवादीच्या जागी येतो. जोडी रेल आणि त्यानंतर डॅनेल मलॉय या दोन गव्हर्नरांच्या काळात हा वाद चालूच राहिला, आणि कपातीशी काहीही संबंध नसलेल्या शासनांना तिचा बचाव करावा लागला.

त्यानंतर दोन्ही पक्षांनी वस्तुस्थिती मान्य करून कायद्याच्या प्रश्नावर संक्षिप्त निकाल मागितला. २०११ मध्ये जिल्हा न्यायालयाने प्रतिवादींच्या बाजूने निकाल दिला. आठ वर्षे झालेली, साक्षीपुरावा जमा झालेला, आणि हातात काहीच नाही, अशा अवस्थेत अनेक वादी हिंमत हरतात. येथे अपील झाले.

३१ मे २०१३ रोजी सेकंड सर्किटने तो निकाल उलटवला. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा होता. १९७६ च्या एल्रॉड प्रकरणापासून हे ठरलेले आहे की राजकीय पक्षाच्या सदस्यत्वावरून सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, काही अगदी मर्यादित पदांचा अपवाद सोडला तर. संघटनेचे सदस्यत्व हे त्याच स्वातंत्र्याचा आविष्कार आहे, तेव्हा त्यावरून काढलेल्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीतही तशीच कठोर छाननी करावी लागेल. म्हणजे राज्याने एक अत्यंत महत्त्वाचे हित दाखवावे आणि ते साधण्यासाठी निवडलेला मार्ग त्या हितापुरताच बेतलेला होता हेही दाखवावे. आर्थिक तूट हे महत्त्वाचे हित आहे असे मानले तरी केवळ संघटनेच्या सदस्यांना काढण्याचा मार्ग त्या हितापुरता बेतलेला नव्हता, कारण संघटनेबाहेरच्या लोकांना वगळण्याला खर्चाच्या दृष्टीने आधार नव्हता. वाटाघाटीत कठोर भूमिका घेण्याचा राज्याला अधिकार आहे, हा बचाव न्यायालयाने ऐकला, परंतु वाटाघाटीतील दबाव आणि सदस्यत्वाबद्दल दिलेली शिक्षा यांत त्याने भेद केला. शेवटी वादींच्या बाजूने निकाल नोंदवून योग्य दिलासा ठरवण्यासाठी प्रकरण जिल्हा न्यायालयाकडे परत पाठवण्यात आले.

या निकालाचे श्रेय बऱ्याच अंशी त्या मान्य केलेल्या वस्तुस्थितीला द्यावे लागते. ‘कपात केवळ सदस्यत्वावरून झाली’ आणि ‘खर्चावर परिणाम अत्यल्प झाला’ या दोन गोष्टी साक्षीदारांमार्फत सिद्ध करायच्या असत्या, तर हेतूचा वाद अनेक वर्षे चालला असता. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माउंट हेल्दी शाळा मंडळाच्या प्रकरणात नोकरी देणाऱ्याला एक बचाव दिलेला आहे, तो असा की संरक्षित कृत्य नसते तरीही आपण हाच निर्णय घेतला असता हे त्याने सिद्ध केले तर तो सुटतो. प्रत्येक कर्मचाऱ्याबाबत असा बचाव घेण्याची संधी राज्याला मिळाली असती, तर एका दाव्याचे हजारो छोटे दावे झाले असते.

नुकसान मोजायचे कसे

कपात बेकायदा ठरल्यानंतरचे काम वकिलांपेक्षा हिशेबनिसांचे असते, आणि माझा अनुभव असा आहे की कर्मचारी संघटना याच भागाकडे सर्वांत उशिरा वळतात.

मूळ सूत्र साधे आहे. कपात झाली नसती तर जे मिळाले असते, त्यातून कपातीमुळे जे प्रत्यक्ष मिळाले ते वजा करायचे. पण ‘जे मिळाले असते’ यात केवळ मासिक पगार येत नाही. त्यात वार्षिक वेतनवाढी, ज्येष्ठतेनुसार मिळणारे टप्पे, जादा कामाचा नेहमीचा मोबदला, आरोग्यविम्यातील राज्याचा हिस्सा, निवृत्तिवेतनासाठी मोजली जाणारी सेवा, साठलेली रजा आणि पुढील पदोन्नतीची शक्यता इतके सर्व येते. ‘प्रत्यक्ष मिळाले’ यात दुसऱ्या नोकरीचे उत्पन्न येते, आणि नुकसान कमी करण्यासाठी वाजवी प्रयत्न करणे हे कर्मचाऱ्याचे कर्तव्य मानले जात असल्याने, जे मिळवता आले असते पण मिळवले नाही तेही वजा होण्याचा धोका असतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कर्मचाऱ्याचा वार्षिक पगार ४८,००० डॉलर आहे आणि तो दीड वर्ष सेवेबाहेर राहिला. त्याचा गेलेला पगार ७२,००० डॉलर. पहिले सहा महिने त्याला काम मिळाले नाही आणि पुढील वर्षभर त्याने ३३,००० डॉलरची नोकरी केली. म्हणजे पगाराचे निव्वळ नुकसान ३९,००० डॉलर. आता निवृत्तिवेतनाचा विचार करा. निवृत्तिवेतन दर वर्षाच्या सेवेमागे अंतिम सरासरी पगाराच्या दीड टक्का या हिशेबाने मिळते आणि निवृत्तीच्या वेळी सरासरी पगार ६०,००० डॉलर आहे असे धरले, तर दीड वर्षाची सेवा मोजली न गेल्याने त्याचे निवृत्तिवेतन वर्षाला १,३५० डॉलरने कमी होते. तो निवृत्तीनंतर वीस वर्षे जगला तर हे नुकसान २७,००० डॉलर होते, म्हणजे पगाराच्या नुकसानीच्या दोन तृतीयांशाहून थोडे अधिक. केवळ मागील पगारावर समाधान मानणारी तडजोड अशा कर्मचाऱ्याला किती मोठ्या रकमेला मुकवते, हे यावरून दिसते. आणि ही रक्कम तो मोजत नाही, मागत नाही, कारण निवृत्तीला अजून वीस वर्षे असताना ती कोणाच्या डोळ्यासमोर नसते.

कनेक्टिकटमध्ये आणखी एक गुंतागुंत होती आणि ज्येष्ठतेचे नियम असलेल्या प्रत्येक सरकारी आस्थापनेत ती येते. ज्याचे पद गेले त्या ज्येष्ठ कर्मचाऱ्याला करारानुसार आपल्याच संवर्गातील कनिष्ठाच्या जागी जाण्याचा हक्क असतो. तो कनिष्ठ पुढे आणखी कनिष्ठाला बाजूला करतो. या साखळीच्या शेवटी जो उरतो तो नोकरी गमावतो, पण साखळीतील मधला प्रत्येक जण काहीतरी गमावतो. कोणी खालच्या वेतनश्रेणीत जातो, कोणाला घरापासून दूरच्या कार्यालयात बदली घ्यावी लागते, कोणी वर्षानुवर्षे शिकलेले काम सोडून अनोळखी कामावर जातो. यांच्यापैकी कोणालाही कपातीचे पत्र आलेले नसते, म्हणून नुकसान झालेल्यांच्या यादीत त्यांची नावे सहज सुटतात. कनेक्टिकटच्या तडजोडीत अशा बाजूला सारल्या गेलेल्या कर्मचाऱ्यांनाही सामावून घेतले गेले ही या प्रकरणातील अत्यंत महत्त्वाची बाब आहे, आणि ती सहजासहजी घडलेली नसणार. साखळीतील प्रत्येक हलवाहलव ज्या दिवशी झाली त्या दिवशीच्या आदेशांच्या नोंदी जपल्या नसतील, तर दहा वर्षांनी ती साखळी पुन्हा जुळवणे जवळजवळ अशक्य होते.

पैशात न मोजता येणारे नुकसान हा वेगळा विषय आहे. आरोग्यविमा नसलेल्या काळात पुढे ढकललेले उपचार, गहाण पडलेले घर, मुलांच्या शिक्षणात आलेला खंड, आणि संघटनेचा सदस्य असणे हाच गुन्हा ठरल्याची भावना यांचा हिशेब कोणत्याही तक्त्यात बसत नाही. समूहदाव्यात अशा नुकसानीसाठी प्रत्येकाची वेगळी साक्ष घेणे शक्य नसते, म्हणून ठरावीक स्वरूपाची भरपाई मान्य करावी लागते. ती कोणाला अपुरी आणि कोणाला जास्त वाटणार हे ठरलेलेच आहे. पण दुसरा पर्याय म्हणजे प्रत्येकाने वेगळे लढणे, आणि बारा वर्षांनंतर तो पर्याय कोणालाच परवडणारा नव्हता.

तडजोड

२०१३ च्या निकालानंतर राज्यापुढे मोठी जोखीम उभी राहिली. पुनःस्थापनेचे आदेश, व्यक्तिगत दावे आणि राज्याच्या न्यायालयातील समांतर दावा हे तिन्ही एकाच वेळी डोक्यावर होते. महाधिवक्ता जॉर्ज जेप्सन यांच्या कारकिर्दीत २०१५ मध्ये तडजोड झाली. कनेक्टिकटच्या कायद्यानुसार २५ लाख डॉलरपेक्षा मोठ्या तडजोडीला विधिमंडळाची मंजुरी लागते, तेव्हा हा विषय विधिमंडळापुढेही आला. राज्यावर पडणारा भार १० कोटी डॉलरहून अधिक असेल असा अंदाज त्या वेळी मांडला गेला. भरपाईचा काही भाग रोख रकमेत होता, आणि अजूनही सेवेत असलेल्यांसाठी काही भाग पगारी रजेच्या स्वरूपात. रकमा एकाच वर्षी न देता काही आर्थिक वर्षांत विभागण्यात आल्या.

पगारी रजा ही भरपाई म्हणून पाहिली की प्रथम ती कमअस्सल वाटते. मात्र राज्याच्या दृष्टीने तिच्यामुळे त्या वर्षीच्या तिजोरीतून रोख रक्कम जात नाही, आणि सेवेत असलेल्या कर्मचाऱ्याच्या दृष्टीने ती खरीखुरी किंमत असलेली गोष्ट आहे, विशेषतः निवृत्तीच्या जवळ पोहोचलेल्यासाठी. मात्र तिच्यात एक अन्याय आहे, आणि तो स्पष्ट म्हटला पाहिजे. जो कर्मचारी कपातीनंतर सेवेत परतूच शकला नाही त्याला या रजेचा काहीच उपयोग नाही, आणि नेमके त्याचेच नुकसान सर्वांत मोठे असते. म्हणून अशी रजा तडजोडीत असेल तर सेवेबाहेर गेलेल्यांसाठी तिच्या मूल्याइतकी रोख रक्कम वेगळी ठरवून घ्यायलाच हवी.

ही सर्व रक्कम राज्याच्या तिजोरीतून, म्हणजे करदात्यांकडून आली. राज्याचा अधिकारी आपले काम करताना चुकला आणि त्याचे वर्तन दुष्ट हेतूचे किंवा बेपर्वा नसेल, तर त्याच्यावर आलेला आर्थिक बोजा राज्याने उचलावा अशी तरतूद तेथील कायद्यात आहे. एका आर्थिक वर्षाच्या खर्चात जवळजवळ काहीच न वाचवणाऱ्या निर्णयाची किंमत, ज्यांनी तो घेतला नव्हता अशा लोकांनी एका तपानंतर भरली.

मधल्या काळातील सापळा

या प्रकरणातून शिकण्यासारखे आणखी एक कायदेशीर कोडे आहे, आणि त्यावर पुरेशी चर्चा होत नाही असे मला वाटते. बारा वर्षे वाट पाहण्याऐवजी पहिल्याच महिन्यात अंतरिम आदेश घेऊन कर्मचाऱ्यांना कामावर परत का घेता येत नाही, असा प्रश्न कोणीही विचारील. अंतरिम आदेशासाठी भरून न निघणारे नुकसान दाखवावे लागते. संघीय सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये एका सरकारी कर्मचाऱ्याच्या प्रकरणात म्हटले की पगाराचे नुकसान सर्वसाधारणपणे भरून न निघणारे मानता येत नाही, कारण ते नंतर पैशाने भरून देता येते. त्याच वर्षी एडेलमन प्रकरणात त्याच न्यायालयाने ठरवले की राज्याच्या तिजोरीतून मागील काळाचा पैसा संघीय न्यायालय देऊ शकत नाही. राज्याच्या कर्मचाऱ्यासाठी या दोन निकालांचा एकत्रित अर्थ असा होतो की पैशाने भरपाई होईल म्हणून अंतरिम दिलासा नाही, आणि राज्य आहे म्हणून पैसाही नाही.

यातून निघण्याची वाट एल्रॉड प्रकरणातच आहे. पहिल्या घटनादुरुस्तीतील स्वातंत्र्य अगदी थोड्या काळासाठी हिरावले गेले तरी ते भरून न निघणारे नुकसान आहे, असे तेथे तीन न्यायमूर्तींच्या मुख्य मतात म्हटले आहे. शिवाय राज्याच्या बाबतीत अकरावी दुरुस्तीच पैशाची वाट बंद करते, तेव्हा ‘नंतर पैसे मिळतील’ हे गृहीतकच तेथे टिकत नाही. सदस्यत्वावरून झालेल्या कपातीत हे दोन मुद्दे पहिल्याच अर्जात, पहिल्याच महिन्यात, एकत्र मांडले गेले पाहिजेत, आणि त्यासोबत प्रत्येक बाधित कर्मचाऱ्याचा आरोग्यविमा कोणत्या तारखेला बंद झाला, कोणाचे उपचार चालू होते, कोणाची निवृत्ती किती महिन्यांवर आली होती हे शपथपत्रांनी समोर ठेवले पाहिजे. असा अर्ज फेटाळला गेला तरी ती शपथपत्रे वाया जात नाहीत. दहा वर्षांनी हिशेबनीस जेव्हा नुकसान मोजायला बसतो, तेव्हा त्या काळातली समकालीन नोंद म्हणून तीच त्याच्या उपयोगी पडतात.